चार मिलिमीटरचं घराणं

माझी आत्या दहावी पास होती आणि तिच्यामुळे चारशे पानांचं एक पुस्तक चुकीचं ठरलं. हे मी आजवर इतक्या लोकांना ऐकवलंय, की मी तोंड उघडलं की घरातलं कोणीतरी चहा ठेवायला उठतं. उठू देत. मी कोर्टात टायपिस्ट होते. तीस वर्षं लोकांच्या साक्षी टाइप केल्या, त्यातल्या निम्म्या खोट्या. ही एक खरी साक्ष मी सांगत राहणार.

आत्या संग्रहालयाच्या कीटक विभागात होती. विभाग म्हणजे पहिल्या मजल्यावरची एक लांबट खोली, भिंतींना लागून लाकडी कपाटं, कपाटांत काचेच्या झाकणांचे खण आणि सगळीकडे डांबराच्या गोळ्यांचा वास. शाळा सुटली की मी तिच्या टेबलाशी जाऊन बसायचे आणि 'आत्या, आत्या' करून तिचं डोकं खायचे. ते ऐकून आधी शिपाई तिला आत्या म्हणायला लागला, मग विभागप्रमुख डॉक्टर आणि शेवटी संचालकसुद्धा. तिच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले तेव्हाचे संचालक 'आत्या, जरा येता का?' म्हणायचे आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं.

तिचं काम होतं किडे मांडण्याचं. मेलेल्या पतंगाला केसाहून बारीक टाचणी टोचायची, ती बुचाच्या तुकड्यावर उभी करायची, पतंगाचे पंख पसरवायचे आणि खाली नखाएवढ्या चिठ्ठीवर लिहायचं: कुठे सापडला, कधी, कोणाला, कुठल्या झाडावर. तिच्या टेबलाशी मी शिंक आली की नाक दाबून व्हरांड्यात पळायचे. एकदा पोचायला उशीर झाला आणि तिच्या दोन दिवसांच्या मेहनतीचा भुगा झाला. ती रागावली नाही. नुसतं म्हणाली, "आता खाली बसून पंख शोध." मी संध्याकाळपर्यंत फरशीवर रांगत होते.

तिला हे काम एका म्हाताऱ्या मांडणीकाराने शिकवलं होतं. त्यांना ती उस्ताद म्हणायची. उस्तादांचा एक नियम तिने जन्मभर पाळला: टेबलावर एका वेळी एकच पतंग. बारीक पतंगांचं पोट धक्क्यासरशी गळून पडतं आणि दोन पतंगांची पोटं शेजारी पडली की कुठलं कोणाचं हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. म्हणून एक पतंग, एक पोट, एक बाटली. तो पुरा होऊन खणात गेला की मगच दुसरा. बाकीचे लोक वीस-वीस घेऊन बसायचे आणि तिच्या संथपणाला हसायचे. "आत्यांचं काम म्हणजे मुंगीने डोंगर हलवायचा," असं शिपाई म्हणायचा. आत्या त्याला म्हणायची, "मुंगीला घाई नाही रे."

आता तिच्या लाडक्या पतंगांबद्दल सांगायला हवं. लिंबाच्या पानावर पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा दिसतात ना, तशी रेघ काढणाऱ्या अळीला आपण नागअळी म्हणतो. पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये शिरून ती बोगदा खात खात पुढे जाते, मोठी होते, कोष करते आणि त्यातून पतंग निघतो. आत्याचे पतंग हे काम लिंबावर नाही, तर इतर झाडांवर करणारे होते. पंख पसरले तर या टोकापासून त्या टोकापर्यंत चार मिलिमीटर. उघड्या डोळ्याला धुळीचा कण, पण भिंगाखाली धरला तर सोनेरी पंखांवर रुपेरी पट्टा. पहिल्यांदा बघितला तेव्हा मी म्हटलं, एवढा नटूनथटून हा जातो कुठे, आणि याला बघतं कोण?

शास्त्रात ज्याला 'जीनस' म्हणतात, त्याला आत्या घराणं म्हणायची. त्यातल्या वेगवेगळ्या प्रजाती म्हणजे तिच्या लेखी एका घरातल्या जावा. छप्पर एक, चुली वेगळ्या. पुस्तकाचं म्हणणं मात्र वेगळं होतं. या घराण्यावरचं ते चारशे पानी पुस्तक ज्यांनी लिहिलं, त्यांना आमच्या घरात सगळे 'पंडित' म्हणायचे, आणि आत्या आदराने म्हणायची, मी नाही. पुस्तकाप्रमाणे आमच्या भागातल्या गुलाबावर, तुतीवर आणि अंजिरावर नागअळी पाडणारा पतंग एकच होता. आत्याला ते पटेना, कारण पानं तिला वेगळं सांगत होती. गुलाबाच्या पानात बोगदा कडेकडेने लाटा काढत जायचा. तुतीच्या पानात तो मधल्या शिरेला धरून सरळ जायचा आणि शेवटी पंख्यासारखा पसरायचा. अंजिरात अळी जागच्या जागी गोल गोल फिरायची, शाई सांडल्यासारखा डाग व्हायचा. "एकच बाई तीन घरी तीन तऱ्हेने कशी झाडेल?" ती म्हणायची.

मग तिने पतंग घरी वाढवायला घेतले. स्वयंपाकघराची पूर्वेची खिडकी तिने बळकावली. जॅमच्या, औषधाच्या, कशाकशाच्या बाटल्या. प्रत्येकीत एक पान, तोंडावर मलमलीचा तुकडा, अंगावर चिठ्ठी. माझी आई कटकट करायची, "वन्सं, मला भांडी ठेवायला जागा नाही आणि तुमच्या अळ्यांना हवेशीर खिडकी." आत्या हसून म्हणायची, "वहिनी, एवढा एक हंगाम." असे नऊ हंगाम गेले. गुलाबाच्या बाटलीतून निघालेला पतंग, तुतीचा पतंग आणि अंजिराचा पतंग, पंखांवरून तिघांत तसूभर फरक नव्हता.

या घराण्यात पंखांवर जायचंच नसतं. खरी ओळख असते पोटाच्या टोकाशी, जननेंद्रियांत. हे सांगताना आत्या कधी लाजली नाही आणि आमच्याकडे जेवणाच्या ताटावरही हा विषय चालायचा. पाहुणे आले की वडील खाकरायचे, इतकंच. पोट अलगद काढायचं, कॉस्टिकच्या गरम पाण्यात ठेवून मऊ करायचं, काचेवर चढवायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. काचेवर आणि पतंगाच्या टाचणीवर एकच नंबर घालायचा. आत्याने अशी दोनशे चौदा पोटं काढली, एका वेळी एक. डॉक्टरांनी काचा बघितल्या आणि खुर्चीतून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. गुलाबाचे सगळे एका घडणीचे, तुतीचे दुसऱ्या, अंजिराचे तिसऱ्या. एकही अपवाद नाही. तीन प्रजाती होत्या.

डॉक्टरांनी निबंध लिहिला आणि तपासणीसाठी तो पाठवला गेला पंडितांकडेच, कारण या घराण्याचं दुसरं कोण जाणकार होतं?

दोन महिन्यांनी उत्तर आलं. ज्या एका पतंगावरून या प्रजातीला नव्वद वर्षांपूर्वी नाव दिलं गेलं, तो मूळ नमुना आमच्याच संग्रहालयाच्या कुलूपबंद कपाटात आहे. त्याच्या चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलंय: गुलाबाच्या पानातून वाढवलेला. बारा वर्षांपूर्वी पंडितांनी स्वतः येऊन त्याचं पोट काढून तपासलं होतं, आणि त्याची घडण तुम्ही ज्याला तुतीची म्हणता ती आहे. म्हणजे तुतीवाला पतंग गुलाबावरही होतो. मग तुमचे झाडागणिक तीन सरळ गट पडलेच कसे? उघड आहे, तुमच्या मांडणीकाराने पोटांची अदलाबदल केली आहे. हा संग्रह विश्वासार्ह नाही. खुलासा होईपर्यंत त्यावर तशी खूण करावी.

पत्र संचालकांच्या नावे होतं. संचालक भले गृहस्थ, पण पंडितांच्या सहीपुढे त्यांचं काही चालत नव्हतं. त्यांनी हुकूम काढला: सगळ्या नमुन्यांवर 'शंकास्पद' अशी लाल चिठ्ठी लावावी. चिठ्ठ्या लिहिणं आणि लावणं हे काम कोणाचं? आत्याचं. तिने आठवडाभर बसून 'शंकास्पद' हा शब्द दोनशे चौदा वेळा लिहिला, तेही तिच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात, आणि एकेका टाचणीला ओवला. नोकरीचे चार महिने उरले होते.

त्याहून जास्त लागलं ते डॉक्टरांचं बोलणं. वाईट माणूस नव्हता तो. चाचरत म्हणाले, "आत्या, एखाद्या दिवशी दमला असाल... चुकून..." आत्या म्हणाली, "डॉक्टर, मी चुकून पतंग मोडेन. चुकून पोट बदलणार नाही. माझ्या टेबलावर दुसरं पोट नसतंच."

तोवर मी कोर्टात नोकरीला लागले होते. मी घरी थयथयाट केला. चोर सोडून संन्याशाला फाशी, मी म्हटलं. तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकायला कोणाच्या बापाचं काय जातं. मी पंडितांना पत्र टाइप करायला बसले, आणि माझ्या त्या पत्रातलं एकही विशेषण कोर्टात चाललं नसतं. आत्याने कागद मशिनमधून ओढून काढला. मग तिने खिडकीतल्या बाटल्या रिकाम्या केल्या आणि पेटीत भरून पलंगाखाली सरकवल्या. दुसऱ्या दिवशी कामावरून आली तर सगळ्या बाटल्या धुऊन पुसून पुन्हा खिडकीत. आई पाठमोरीच म्हणाली, "रिकामी खिडकी बघवत नाही मला." नऊ वर्षं भांडून झाल्यावर तिने हे केलं. आत्या त्या दिवशी रडली, आणि मी तिला रडताना पाहिलं ते तेवढंच.

रविवारी ती पंडितांचं पुस्तक उघडून बसली. मूळ नमुन्याचा पानभर मोठा फोटो त्यात होता, पोट काढण्याआधीचा. ती भिंग लावून तासभर तेच पान बघत होती. मग मला म्हणाली, "इकडे ये. छाती आणि पोट जिथे जुळतं तिथे काय दिसतंय?"

"ठिपका. चकाकतोय."

"पतंगाच्या अंगावर तिथे चकाकायचं काही कारण नाही. तो डिंक आहे."

मग तिने उस्तादांनी सांगितलेली एक गोष्ट सांगितली. जुन्या काळी पोट गळालेला पतंग खणात ठेवायची लाज वाटायची. साहेब लोक बघायला येणार, आणि पतंग अर्धा? मग खणाच्या तळाशी पडलेलं कुठलं तरी पोट उचलायचं आणि डिंकाने लावून टाकायचं. एवढ्याशा पोटात काय फरक असणार, असंच तेव्हा सगळ्यांना वाटायचं. पोटावरूनच प्रजाती ओळखतात हे पुढे कळलं.

मी टाळीच वाजवली. "म्हणजे जिंकलीस."

"कुठे जिंकले? त्याचं स्वतःचंच पोट गळालं आणि तेच लावलं, असंही असेल. शिवाय पंडितांनी ते गरम पाण्यात टाकलं तेव्हा डिंक विरघळला असणार. नमुना बघायला हवा." मग ती म्हणाली, "त्यांच्यासमोर."

बंद कपाट एकटीने उघडलं तर उद्या म्हणतील, हिनेच काही केलं. साक्ष दोन्ही पक्षांसमोर व्हावी लागते. हे मी कोर्टात शिकले, आत्याला ते उपजत होतं. पण घाबरली होतीच. झोपायला जाताना म्हणाली, "नाही निघालं काही, तर मी चुकले. मग त्या लाल चिठ्ठ्या राहू देत." हे ती ज्या शांतपणे म्हणाली त्याचा मला राग आला.

डॉक्टरांनी, बहुधा मनाला लागलं म्हणून, खटपट करून पंडितांना बोलावून घेतलं. बैठकीची नोंद घ्यायला टायपिस्ट हवा होता आणि संग्रहालयाचा कारकून आजारी. आत्याने माझं नाव सुचवलं. आरोपीची भाची नोंद घेतेय, हे कोर्टात चाललं नसतं. संग्रहालयात चाललं.

पंडित निघाले बारीक चणीचे, स्वच्छ कपड्यांचे, हळू बोलणारे. मला राक्षस हवा होता, त्यामुळे माझी निराशा झाली. त्यांनी आत्याला नमस्कार केला, आणि खुर्चीत बसल्यावर तिच्याशी न बोलता डॉक्टरांशीच बोलत राहिले. संचालकांनी कपाट उघडलं. छोटा डबा, त्यात बुचाचा तुकडा, त्यावर नव्वद वर्षांचा बिनपोटाचा पतंग. शेजारी काच, पंडितांच्या नंबराची.

"साहेब, आधी ही काच बघता का?" आत्या म्हणाली. "नर की मादी, तेवढं सांगा. आणि तू लिही."

पंडितांनी बघितलंसुद्धा नाही. "नर. माझ्या पुस्तकात चित्र आहे."

मी लिहिलं: नर.

आत्याने नमुना सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. हात न लावता, बुचाला मातीच्या गोळ्यावर तिरका करत करत, पतंग उलटा होईपर्यंत. डिंकाचा मणी छातीच्या टोकाला अजून होता, मधासारखा पिवळा. डॉक्टरांनी बघितला, संचालकांनी बघितला. पंडितांनी बघितला आणि म्हणाले, "गळालेलं पोट परत लावलं असेल. त्यात विशेष काय?"

"तेच मी घरी म्हटलं," आत्या म्हणाली. "म्हणून पंख बघते."

आणि ती बघत राहिली. माझ्या वहीवरच्या 'नर' या शब्दाची शाई वाळून गेली तरी ती डोळा काढेना. मग ती बाजूला झाली, आणि तिच्या चेहऱ्यावरून मला काही कळलं नाही.

"साहेब, मागच्या पंखाच्या मुळाशी केस असतो ना, पुढच्या पंखाखाली अडकणारा? उडताना दोन्ही पंख एकत्र हलावेत म्हणून?"

"हो."

"नराला किती?"

"एक. जाड."

"आणि मादीला?"

"दोन. कधी तीन." एवढं बोलून पंडित थांबले. मग उठले, चष्मा काढला आणि सूक्ष्मदर्शकावर वाकले. डावी बाजू बघितली. बूच फिरवून उजवी बघितली. पुन्हा डावी. बारा वर्षांपूर्वी त्यांनी पोट काढलं, काच केली, चित्र काढलं, चारशे पानं लिहिली; पंखांवर जायचं नसतं म्हणून पंखांकडे बघितलं नाही. दिव्याखाली अंधार तो हाच.

ते वाकलेलेच होते. त्याच स्थितीत म्हणाले, "दोन."

आत्याने मला सांगितलं, "लिही. पंख मादीचे, पोट नराचं. पोट दुसऱ्या पतंगाचं आहे."

मी लिहिलं. इतकं सुंदर वाक्य मी कोर्टात कधी टाइप केलं नव्हतं.

आणि आता पंडितांबद्दल खरं तेच सांगते, मनात नसलं तरी. ते सरळ उभे राहिले आणि आत्याला म्हणाले, "बाई, तुमची पोटं बरोबर आहेत. चूक माझी. जुनं नाव गुलाबाच्या पतंगाचंच, तुतीचा आणि अंजिराचा नवे. आणि हे मीच छापेन." मग त्यांनी विचारलं, की ते पोट चिकटवणारा कोण असेल. आत्या म्हणाली, "जाऊ दे हो. तेव्हा सगळेच करायचे. तुतीचे पतंग त्याच खणात असतील."

संचालक लगबगीने म्हणाले, "आत्या, त्या लाल चिठ्ठ्या तेवढ्या काढून टाका."

"मी लावल्या," आत्या म्हणाली. "काढणं माझ्याकडे नाही."

मग एक संचालक, एक विभागप्रमुख आणि एक जगन्मान्य पंडित कोट उतरवून तिच्या टेबलाशी बसले आणि संध्याकाळी पाचपर्यंत चिमट्याने लाल चिठ्ठ्या काढत राहिले. एका वेळी एकच पतंग. आत्या मागे उभी राहून सांगत होती, "हळू. कोपर टेबलावर टेका. श्वास बाजूला सोडा." शिपाई दर पाच मिनिटांनी काहीतरी निमित्त काढून दारात येत होता. मी घरी जाऊन हे सांगितलं तेव्हा आई हसता हसता ओट्याला धरून खाली बसली.

जाण्यापूर्वी पंडित म्हणाले की तुतीच्या नव्या पतंगाला आत्याचं नाव द्यावं. मला वाटलं ती विरघळेल. ती म्हणाली, "पतंगाला नाव देऊन काय? तो सही करणार आहे का? निबंधावर घाला." डॉक्टर म्हणाले, "घालतो, आत्या. पहिलं घालतो." तसं पहिलं घातलं.

शास्त्रज्ञांची एक रीत आहे: प्रजातीच्या नावापुढे, ती ज्यांनी जगाला सांगितली त्यांचं नाव कायमचं लागतं. निबंध छापून आला तो आत्याच्या निवृत्तीच्या दिवशी दुपारी. निरोपाची भाषणं होऊन गेली होती, हार टेबलावर पडला होता. ती म्हणाली, खणांवरच्या चिठ्ठ्या राहिल्यात, आणि आपली बारीक टाकाची लेखणी घेऊन बसली. तीस वर्षं तिने अशा चिठ्ठ्यांवर दुसऱ्यांची नावं लिहिली होती. आधी तुतीच्या पतंगाचं नवं नाव लिहिलं, मग त्यापुढे स्वतःचं. चिठ्ठी बिघडली. तिने ती फाडून दुसरी घेतली आणि या वेळी एका दमात पुरी केली.

संचालक दारात उभे होते, गाडी खाली लागली होती. डॉक्टर म्हणाले, "चला आत्या, घरी सोडतो."

"थांबा," ती म्हणाली. "शाई वाळू दे."

आम्ही सगळे थांबलो.